शतावरी कल्प, जांभ्याची माती आणि ६०० बेकरेल

पत्र:
ताई, नमस्कार. मी कुडाळ तालुक्यातली. मला दोन महिन्यांचं बाळ आहे. बाळंतपणापासून सकाळ-संध्याकाळ दुधातून शतावरी कल्प घेत होते. मागच्या आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर मजकूर आला, की औषधी वनस्पती जमिनीतून किरणोत्सारी द्रव्यं ओढून घेतात आणि शतावरी, अश्वगंधा, गुळवेल तपासली तेव्हा किलोमागे शेकडो बेकरेल निघाले. त्याच दिवशी कल्प बंद केला. तेव्हापासून दूधही कमी झाल्यासारखं वाटतं. माझा मावसभाऊ केरळात कोल्लमला नोकरीला आहे. तो म्हणतो, तिथली वाळूच किरणोत्सारी आहे. काळी वाळू तर आपल्या किनाऱ्यावरही आहे. ह्यांनी यंदा १० गुंठ्यांत शतावरी लावायचं ठरवलं होतं, ते थांबलं. सासूबाईंना दोन वर्षांपासून साखर आहे. त्या गोळ्यांसोबत रोज गुळवेलीचा काढा घ्यायच्या, तोही त्यांनी सोडला. सकाळी आम्ही दोघी मिश्री लावत बसतो तेव्हा हाच विषय निघतो आणि शेवटी मला रडू येतं. मी बाळाला काय पाजलं हो? – एक बाळंतीण, कुडाळ

उत्तर:
अगं, आधी डोळे पूस. तू बाळाला दूध पाजलंस, दुसरं काहीही नाही. शतावरीतल्या किरणोत्साराने तुझ्या बाळाला अपाय झालेला नाही आणि होणारही नाही. हे तुझी समजूत घालायला म्हणत नाही. आकड्यांवरून म्हणते, आणि ते आकडे तुझ्यासमोरच मांडते, म्हणजे रात्री पुन्हा तो विचार आला तर तुला तुझं तुलाच उत्तर देता येईल.

मजकुरात आलेली गोष्ट खोटी नाही. औषधी वनस्पतींमध्ये नैसर्गिक किरणोत्सार असतो आणि मोजला तर किलोमागे शेकडो बेकरेल भरतोही. पण बेकरेल म्हणजे काय, हे त्या मजकुरात कुणी सांगितलेलं नसणार. १८९६ मध्ये किरणोत्साराचा शोध लावणाऱ्या हेन्री बेकरेल यांचं नाव या एककाला दिलं आहे. सेकंदाला एक अणू फुटला, की तो एक बेकरेल. हे एकक फारच लहान आहे. मुठीत मावेल एवढ्या मातीतही दर सेकंदाला कितीतरी अणू फुटत असतात.

वनस्पतीत मोजलेल्या या बेकरेलमधला बहुतेक वाटा पोटॅशियमचा असतो. निसर्गात जिथे म्हणून पोटॅशियम आहे, तिथे त्यातला दर दहा हजारांतला एखादा अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी जातीचा असतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू फुटून जायला लागणारा काळ, सव्वाशे कोटी वर्षं; म्हणून पृथ्वी घडली तेव्हापासून तो इथे आहे. १ ग्रॅम पोटॅशियममध्ये सुमारे ३१ बेकरेल. हे प्रमाण सगळीकडे सारखंच, मग ते पोटॅशियम शतावरीतलं असो, केळ्यातलं असो वा समुद्राच्या पाण्यातलं. वाळलेल्या वनस्पतीत साधारण १ ते २ टक्के पोटॅशियम असतं. २ टक्के धरलं तर किलोत २० ग्रॅम, आणि २० गुणिले ३१ म्हणजे जवळपास ६०० बेकरेल. ज्या ‘शेकडो बेकरेल’ने तुमच्या घराची झोप उडवली, ते असे बनतात.

पण किलोभर शतावरी कोण खातं? दिवसाला दोन वेळचा मिळून १० ग्रॅम कल्प धरू. कल्पात बराचसा भाग साखरच असते, तरी तुझी भीती पुरती जावी म्हणून ते सगळं मुळाचंच चूर्ण आहे असं समजू. त्यात झाले ६ बेकरेल. तो कल्प तू ज्या कपभर दुधात घालून प्यायचीस, त्या दुधात पोटॅशियम असतं सुमारे ३०० मिलीग्रॅम, म्हणजे ९ बेकरेल. कल्पापेक्षा दुधात जास्त! मध्यम केळ्यात १३ च्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात त्याहून अधिक. तुझ्या अंगावरच्या दुधातही दर लिटरला साधारण १५ बेकरेल असतात. तू कल्प घेतलास म्हणून ते तिथे आले नाहीत. तुझ्या आईच्या दुधात ते होते, तिच्या आईच्याही होते. बाळाच्या हृदयाला, स्नायूंना, नसांना पोटॅशियम लागतं आणि ते आईच्या दुधातूनच मिळतं. तू स्वतः सुमारे ५५ किलोची असशील, तर तुझ्या शरीरात १०० ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आहे, म्हणजे ३,००० पेक्षा जास्त बेकरेल, आत्ता, हे वाचताना.

यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट ही, की शरीर पोटॅशियमचं प्रमाण ठरावीक ठेवतं. जास्त आलं की मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. त्यामुळे शतावरी घेतली, केळी खाल्ली, शहाळं प्यायलं तरी अंगातलं पोटॅशियम-४० साठत जात नाही. (मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना डॉक्टर पोटॅशियम मोजून घ्यायला सांगतात, पण तिथे भीती किरणांची नसते. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाची लय बिघडते, म्हणून ते पथ्य.)

मी औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात वनौषधी शिकवत होते तेव्हा एक प्रयोग दाखवायचे. खताच्या दुकानातून आणलेल्या पोटॅशच्या पिशवीला किरणमापक चिकटवायचा. यंत्र लगेच टकटकायला लागायचं आणि मुलं बाकावरून मागे सरकायची. त्या खताच्या एका किलोत १५ हजारांच्या आसपास बेकरेल असतात. आपल्या शेतकऱ्यांनी ते हातांनी फेकून पिढ्या गेल्या. मग मुलांकडूनच मी हा हिशोब फळ्यावर करून घ्यायचे, आणि शेवटच्या ओळीपर्यंत येईतो सगळे पुन्हा जागेवर बसलेले असायचे.

आता मातीचं बघू. ह्यांचं लावणीचं गणित त्यावर अडलंय आणि मावसभावाचं म्हणणंही त्यातच येतं.

मातीत पोटॅशियमखेरीज युरेनियम आणि थोरियम अशी दोन जुनी कुळं असतात. युरेनियम फुटत फुटत रेडियम होतं, रेडियमपासून रेडॉन हा वायू, त्यापासून पोलोनियम आणि शेवटी स्थिर शिसं. थोरियमचंही तसंच. जगभरच्या मातीची सरासरी काढली तर किलोमागे पोटॅशियम-४० चे सुमारे ४०० बेकरेल येतात, युरेनियम आणि थोरियमचे प्रत्येकी ३०-४० च्या घरात. खडक बदलला की हे आकडे बदलतात. देशावरची काळी जमीन बेसाल्टची, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची. त्यात युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे ग्रॅनाइटच्या जातीचे फार जुने खडक आहेत, तिथे ते अधिक. तुमच्याकडे जांभा. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस हजारो-लाखो वर्षं एकाच खडकावर पडला, की पोटॅशियम, कॅल्शियम अशी विरघळणारी द्रव्यं वाहून जातात. न विरघळणारं लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे उरतं, आणि त्यांच्याबरोबर थोरियमही. म्हणून जांभ्याच्या मातीत पोटॅशियम कमी आणि त्या मानाने थोरियम जास्त, असं चित्र दिसतं.

पण मातीत आहे म्हणजे झाडात आलं, असं होत नाही. मजकूर लिहिणाऱ्याची चूक नेमकी इथे झाली. मूळ काही चाळणी नसलेली नळी नव्हे. थोरियम मातीच्या बारीक कणांना असं घट्ट धरून असतं, की मुळातून वर जवळजवळ चढतच नाही. रेडियम थोडं चढतं, कारण त्याची रासायनिक वागणूक कॅल्शियमसारखी आहे आणि झाड फसतं. जगात एखादंच झाड याबाबतीत वेगळं निघतं. ॲमेझॉनच्या जंगलातल्या ब्राझील नटच्या बियांत रेडियम खरोखर साठतं. शतावरी त्यातली नव्हे.

मग प्रयोगशाळेत मुळांमध्ये थोरियम सापडतं ते कसं? पुष्कळदा ते मुळाला चिकटलेल्या मातीचं असतं. यावरून मला एक जुनी हकीकत आठवते. कोल्लमच्या वाळूचा विषय निघाला आहे म्हणून सांगते. दक्षिण किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे थोरियमयुक्त खनिज आहे, हे १९०९ मध्ये शोंबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आलं, ते दक्षिण केरळातल्या त्रावणकोर संस्थानातून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूवरून. थोरियम काथ्यात नव्हतं, नारळातही नव्हतं. ते काथ्याला चिकटलेल्या वाळूत होतं.

तुझा मावसभाऊ खरं बोलला. कोल्लम जिल्ह्यातल्या चवरा, नींदकरा, करुनागपल्ली या पट्ट्यात मोनाझाइटमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग भारतात सर्वांत जास्त पातळीवर आहे. आपल्याकडच्या मोनाझाइटमध्ये सुमारे ९ टक्के थोरियम ऑक्साइड असतं. तिथली माणसं पिढ्यानपिढ्या त्या वाळूवर राहतात, झोपतात, तिथलाच नारळ आणि मासळी खातात. करुनागपल्लीतल्या ६९,९५८ रहिवाशांवर सरासरी साडेदहा वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त किरणोत्सर्ग असलेल्या घरांमधल्या माणसांत कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. किरणांचा धाक बाळगूच नये असा याचा अर्थ मी काढणार नाही. पण त्या वाळूवर आयुष्य काढण्याच्या मानाने चमचाभर शतावरी किती क्षुल्लक, हे तुला कळावं.

आणि तुमची काळी वाळू? वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंत दिसणारी काळी वाळू मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या खनिजांची. दोन्ही लोखंडाची, आणि ती बरीचशी सह्याद्रीच्या पाषाणातून झिजून आलेली. लोहचुंबक फिरवून बघ, कण उडून चिकटतील. मोनाझाइट काळं नसतंच. त्याचे कण पिवळसर, मधाच्या रंगाकडे झुकणारे. चवऱ्याची वाळू काळी दिसते तीही इल्मेनाइटमुळेच.

तेव्हा ह्यांना सांग, १० गुंठे खुशाल लावा. मात्र लावण्याआधी माती तपासून घ्या, तीही किरणांसाठी नको. सामू, सेंद्रिय कर्ब, पोटॅशियम यांसाठी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची माणसं किंवा तुमच्या जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र ते करून देईल. शेणखत भरपूर द्या. सुपर फॉस्फेटसारखी खतं ज्या खनिजापासून बनतात त्यात युरेनियमचा अंश असतो, पण त्याहून काळजीचं म्हणजे त्यात कॅडमियम हा विषारी धातूही असतो. खत वर्षानुवर्षं भरमसाट टाकलं तर तो जमिनीत साठतो, आणि कॅडमियम झाडं थोरियमसारखी अडवत नाहीत. उद्या व्यापारी माल घेताना विचारेल ते जड धातूंबद्दल. वनौषधींसाठी आपल्याकडे ठरलेल्या मर्यादा अशा: शिसं किलोमागे १० मिलीग्रॅम, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३. शेत वर्दळीच्या रस्त्याला लागून नको. काढणी दीड-दोन वर्षांनी होते. मुळं खणली की वाहत्या पाण्यात चोळून धुवायची, साल काढायची, आणि जमिनीवर न पसरता मचाणावर किंवा ताडपत्रीवर वाळवायची. धुऊन सोललेल्या मुळात मातीतलं थोरियम फारसं राहत नाही, शेणातले जंतू कमी होतात आणि भावही बरा मिळतो.

वनौषधींत किरणोत्साराची खरी धास्ती वाटावी असे प्रसंग आले आहेत, पण ते नैसर्गिक नव्हते. १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटल्यावर युरोपभर सीझियम-१३७ पडलं. त्याचं अर्धायुष्य ३० वर्षांचं, म्हणून तिथल्या रानातल्या अळंब्या, बेरी आणि औषधी पाला नंतर कित्येक वर्षं तपासावा लागला. तुमच्या माळावरच्या शतावरीशी त्याचा संबंध नाही.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या वाक्याशी मी थबकले, त्याकडे येते. तू ते सहज लिहून गेलीस. मिश्री.

मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू. दात घासायला म्हणून हाती येते, मग दिवसातून चारदा लागते. गॅस होतो, पोट साफ होत नाही, या कारणांनी बाळंतिणीच्या हातात ती पहिल्यांदा येताना मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. तंबाखूच्या पानावर चिकट लव असते. हवेतल्या रेडॉनपासून बनलेलं शिसं-२१० त्या लवेला चिकटतं आणि त्यापासून पोलोनियम-२१० होतं. १९६४ मध्येच दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी सिगारेटच्या धुरात ते दाखवून दिलं होतं. म्हणजे ज्या गोष्टीची तुला धास्ती होती, ती शतावरीपेक्षा तंबाखूच्या बाबतीत जास्त खरी आहे. पण मिश्रीचं मोठं संकट पोलोनियम नाहीच. तंबाखूत नायट्रोसमाइन नावाची कर्करोग करणारी रसायनं असतात, भाजल्यावर त्यात डांबरी धुरातल्या बेंझोपायरीनसारख्या रसायनांची आणखी भर पडते, आणि निकोटीन हिरड्यांतून रक्तात आणि रक्तातून तुझ्या दुधात उतरतं. बाळाची झोप त्याने मोडते, ते चिडचिडं होतं. पुढे तुझं दूध कमी होण्याचंही ते एक कारण ठरू शकतं. ‘मी बाळाला काय पाजलं’ हा तुझा प्रश्न शतावरीला लागू नव्हता. इथे मात्र लागू आहे, आणि याचा उपाय पूर्ण तुझ्या हातात आहे. म्हणून हे तुला रागावून नाही, कळकळीने सांगते आहे.

आजपासून बंद कर. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, दातांना साधी पेस्ट, हाताशी बडीशेप. स्तनपान मात्र बंद करू नकोस, अगदी एखाद्या दिवशी मिश्री लावली गेली तरी नको. अशा दिवशी मिश्री लावण्याआधी बाळाला पाज आणि लावल्यानंतरचं पाजणं शक्य तेवढं लांबव. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६, तिथे मराठीतही बोलतात. सासूबाईंनाही सोबत घे. तुमची सकाळची बैठक मोडू नकोस, फक्त हातातली डबी बदला. त्यांनी तोंड मोठं उघडून आतले पांढरे-लाल चट्टे, न भरणारी जखम आहे का, हे दंतवैद्याकडून एकदा बघून घ्यावं.

सासूबाईंच्या काढ्याचं. किरणांसाठी तो सोडायची गरज नव्हती. पण त्या मधुमेहाच्या गोळ्या घेतात आणि गुळवेल साखर खाली आणू शकते, तेव्हा डॉक्टरांना न सांगता दोन्ही एकत्र नको. शिवाय २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांना यकृताचा दाह झाल्याची नोंद केली. त्यावर वाद झाला, दुसरीच मिळतीजुळती वेल वापरली गेली असंही म्हटलं गेलं. कुठलंही असो, कुंपणावरची वेल ओळखणाऱ्याकडून खात्री करून घ्यावी, महिनोन्‌महिने रोज घेऊ नये, आणि लघवी गर्द पिवळी झाली, खाज सुटली, भूक मेली तर काढा थांबवून लगेच रक्त तपासावं.

तुझ्या कल्पाचं. शतावरीने दूध वाढतं का, यावर झालेले अभ्यास लहान आहेत आणि सगळ्यांचे निकाल एकसारखे नाहीत. घेतलास तर हरकत नाही, नाही घेतलास तरी बाळाचं अडत नाही. गरोदरपणात साखर वाढली होती का? असेल तर कल्पापेक्षा साधं चूर्ण बरं, तेही डॉक्टरांना विचारून. दूध वाढतं ते बाळाने वारंवार ओढल्याने, रात्रीचं पाजणं न चुकवल्याने आणि आईला विश्रांती मिळाल्याने. तुझी या आठवड्यातली झोप कुठे गेली ते मला दिसतंच आहे. बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करतंय ना? मग दूध पुरतं आहे.

आणि खिडकी उघड. माणसाला निसर्गातून वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांची मात्रा मोजायचं एकक) किरणोत्सर्ग मिळतो. अन्नातल्या पोटॅशियमचा त्यातला वाटा जेमतेम ०.१७. निम्म्याच्या आसपास वाटा रेडॉनचा, म्हणजे जमिनीतून आणि भिंतींतून निघून बंद घरात साचणाऱ्या वायूचा. वारा लागू नये म्हणून बाळंतिणीची खोली गच्च बंद ठेवतात, आत शेगडी आणि धुरी असते. रेडॉनपेक्षाही तो कोळशाचा धूर बाळाला जास्त वाईट. शेक घ्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीने घे. दुपारी दोन्ही खिडक्या तास-दोन तास उघड्या राहू देत, बाळाला टोपडं घालून ठेव.

हे पत्र सासूबाईंना आणि ह्यांना वाचून दाखव. आणि दहाव्या आठवड्याच्या लसीला नेशील तेव्हा बाळाचं वजन विचारून घे आणि मला कळव. मिश्री सोडून किती दिवस झाले तेही लिही.